मोठ्या लॅपटॉपच्या पोटात

लाख-दोन लाखांचा, सोळा इंची लॅपटॉप दुरुस्तीला आला की मी आधी त्याचं मागचं झाकण काढतो आणि मग मालकाचं म्हणणं ऐकतो. मालक सांगतात ते बहुधा खरंच असतं, पण ते लक्षण असतं. आजार आत असतो, आणि मोठ्या लॅपटॉपच्या बाबतीत त्याची सुरुवात अनेकदा कंपनीच्या डिझाइनच्या टेबलावर झालेली असते.

झाकण काढल्यावर आपण एवढे पैसे नेमके कशाला मोजले हे कुणालाही दिसावं. पुढचा निम्मा भाग बॅटरीच्या चपट्या सेलनी व्यापलेला असतो. मागच्या दोन कोपऱ्यांत दोन पंखे, त्यांच्यामधून गेलेल्या तांब्याच्या चपट्या नळ्या, कडेला स्पीकरचे कप्पे. मदरबोर्ड मात्र चौदा इंची लॅपटॉपमधल्या बोर्डापेक्षा फार मोठा नसतो. म्हणजे आकार वाढवून मिळालेली जागा हुशारीला जात नाही. ती जाते बॅटरीला, हवेला, आवाजाला आणि अर्थातच वरच्या पडद्याला. मोठ्या लॅपटॉपची ताकद म्हणतात ती ही एवढीच, आणि ती खरी आहे.

गडबड होते ती ‘प्रीमियम’ या दुसऱ्या विशेषणामुळे. शोरूममध्ये प्रीमियम म्हणजे पातळ, हलकं आणि शक्यतो कुठेही स्क्रू न दिसणारं. मोठेपणाने दिलेली जागा हा पातळपणा हळूच परत काढून घेतो. माझ्या टेबलावर येणाऱ्या महागड्या मोठ्या यंत्रांच्या तक्रारी पाहिल्या, तर त्यांतल्या बऱ्याचशा या ओढाताणीतून जन्मलेल्या असतात.

या ओढाताणीचा सगळ्यात चांगला इतिहास अ‍ॅपलच्या मोठ्या मॅकबुक प्रोचा. सतरा इंची मॅकबुक प्रो जवळजवळ तीन किलोंचा आणि अडीच सेंटिमीटर जाडीचा होता. जून २०१२ मध्ये तो बंद झाला आणि त्याच वेळी पंधरा इंची रेटिना आला : जाडी १.८ सेंटिमीटर, वजन दोन किलोंच्या किंचित वर. पडदा अप्रतिम. पण रॅम बोर्डावर झाळलेली आणि बॅटरी गोंदाने चिकटवलेली. तोवर बॅटरी बदलणं किंवा रॅम वाढवणं हे अर्ध्या तासाचं काम होतं. त्यानंतर बॅटरी काढायला सॉल्व्हंट, दोरा आणि संयम लागायला लागला.

२०१६ मध्ये कंपनीने आणखी कातर चालवली. जाडी १.५५ सेंटिमीटर, वजन १.८३ किलो. आधीच्या मॉडेलमध्ये ९९.५ वॅट-अवरची बॅटरी होती, ती ७६ वर आली. एचडीएमआय गेलं, कार्डाची खाच गेली, चुंबकाने चिकटणारी चार्जिंगची पिन गेली. कळांखाली बटरफ्लाय नावाची इतकी उथळ यंत्रणा बसवली की धुळीचा एक कण गेला तरी अक्षर उमटेना, किंवा एकदा दाबल्यावर दोनदा उमटे. जून २०१८ मध्ये अ‍ॅपलला हे कीबोर्ड मोफत दुरुस्त करून देण्याची योजना जाहीर करावी लागली, आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या खटल्यात पाच कोटी डॉलरवर तडजोड झाली. मधल्या काळात, जुलै २०१८ मध्ये, इंटेलचा आय-नाइन प्रोसेसर याच पातळ सांगाड्यात घातला गेला. सततच्या कामात तो स्वतःच्या घोषित मूळ वेगाच्याही खाली घसरतो असं लोकांनी मोजून दाखवलं, आणि कंपनीने काही दिवसांत सॉफ्टवेअरची दुरुस्ती पाठवली.

मग काटा उलटा फिरला. नोव्हेंबर २०१९ चा सोळा इंची १.६२ सेंटिमीटर जाड, दोन किलो वजनाचा आणि १०० वॅट-अवर बॅटरीचा होता. कीबोर्ड पुन्हा जुन्या, कात्रीसारख्या यंत्रणेचा. ऑक्टोबर २०२१ च्या सोळा इंचीत एचडीएमआय, कार्डाची खाच आणि चुंबकी पिन परत आली, आणि वजन २.१ किलो झालं. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीने जवळपास दशकभर प्रयोग करून शेवटी दोन किलोंच्या वर यावं, ही मला या विषयातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते. मोठ्या लॅपटॉपला दोन किलो लागतात. त्याहून फार हलका कुणी देत असेल, तर त्याने काय काढलं हे विचारायला हवं. एलजीचा सतरा इंची ग्राम साधारण १.३५ किलोंचा आहे आणि वाचन, लेखन, हिशेब यांसाठी चांगलाही आहे. पण त्याच्याकडून तासभर व्हिडिओ रेंडर करून घेण्याची अपेक्षा ठेवू नये.

रेंडरचा विषय निघालाच आहे तर उष्णतेबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण दुकानदार त्याबद्दल कधीच बोलत नाहीत. लॅपटॉप जेवढी वीज खातो ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होते. चिप साधारण शंभर अंशांपर्यंत तापू देतात. त्याच्या आत राहण्यासाठी ती स्वतःचा वेग कमी करते. उष्णता किती वेगाने बाहेर जाईल हे चिप आणि खोलीतली हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पंचवीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत हा फरक पंचाहत्तर अंशांचा. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे हवा पंचेचाळीस अंशांवर असेल, तर तो पंचावन्नवर येतो. म्हणजे तेच पंखे, त्याच नळ्या, पण उष्णता बाहेर काढण्याची क्षमता पाव हिश्शाहून थोडी अधिकच घटलेली. अ‍ॅपल आपल्या लॅपटॉपसाठी भोवतालचं तापमान दहा ते पस्तीस अंश असावं असं सांगते. विदर्भातला उन्हाळा त्या चौकटीत बसतच नाही.

इथे मोठ्या सांगाड्याचा फायदा उघड दिसतो. मोठे पंखे कमी वेगाने फिरूनही तेवढीच हवा ढकलतात, म्हणून आवाजही कमी. एकच चिप चौदा इंचीत आणि सोळा इंचीत बसवली तर पहिल्या एक-दोन मिनिटांत दोन्ही सारखेच धावतात. फरक पडतो तो दहाव्या मिनिटानंतर. यूट्यूबवरच्या चाचण्या बहुधा पहिल्या मिनिटातल्या असतात. ज्याचं काम थोडं-थोडं आणि थांबत-थांबत चालतं, त्याला हा फरक कधीच जाणवणार नाही. जो लग्नाचे तीन-तीन तासांचे व्हिडिओ संकलित करतो, त्याला रोज जाणवेल.

ग्राफिक्सच्या बाबतीत तर ग्राहकाची सरळ दिशाभूल होते, आणि तीही कायदेशीरपणे. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० हे नाव डेस्कटॉपच्या कार्डावरही असतं आणि लॅपटॉपच्या स्टिकरवरही. डेस्कटॉपच्या कार्डात २१,७६० कोअर, ३२ जीबी मेमरी आणि ५७५ वॅट विजेची मुभा. लॅपटॉपमधल्या चिपमध्ये १०,४९६ कोअर, २४ जीबी मेमरी आणि साधारण दीडशे वॅट. नाव एक, ऐवज निम्म्याहून कमी. त्याहून वाईट गोष्ट खालच्या पायरीवर आहे. आरटीएक्स ४०६० ही लॅपटॉपची एकच चिप कंपन्या ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बांधू शकतात. पातळ, देखण्या, महागड्या लॅपटॉपमध्ये ती कमी वॅटवर बांधलेली असते आणि जाडजूड, लाल-हिरवे दिवे लुकलुकणाऱ्या स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये पूर्ण सैल सोडलेली. परिणामी कॉलेजातल्या मुलाचा लॅपटॉप वास्तुविशारद वडिलांच्या दुप्पट किमतीच्या लॅपटॉपला मागे टाकतो. वडील माझ्याकडे येतात आणि “यात काहीतरी बिघाड आहे” म्हणतात. बिघाड नसतो, तो तसाच बनवलेला असतो.

बॅटरीचं गणित आणखी मजेशीर आहे. विमानाच्या केबिनमध्ये शंभर वॅट-अवरपर्यंतची लिथियम बॅटरी विनापरवानगी नेता येते. त्यापुढे एकशे साठपर्यंत विमान कंपनीची संमती लागते. म्हणून मोठा लॅपटॉप सहसा ९९ किंवा १०० वॅट-अवरच्या पुढे जात नाही, मग पडदा सोळा इंची असो की अठरा. पडदा मोठा म्हणजे त्याची भूक मोठी, शिधा मात्र ठरलेला. त्यामुळे आकार वाढवून बॅटरी जास्त टिकेल ही समजूत एका मर्यादेपलीकडे चुकीची ठरते. फरक पाडते ती चिप. २०१९ च्या इंटेलवाल्या सोळा इंचीत कंपनीचा दावा चित्रपट पाहण्यासाठी ११ तासांचा होता. २०२१ मध्ये एम-वन प्रो चिप आल्यावर तेवढ्याच बॅटरीवर तो २१ तासांचा झाला. दावे थोडे कमी धरले तरी प्रमाण बदलत नाही. त्या इंटेलवाल्या यंत्राला बाहेरचा मॉनिटर जोडला की नुसतं काही न करता बसलेलं ग्राफिक्स कार्डच अठरा-वीस वॅट खायचं आणि पंखे घोंघावायचे. तो बिघाड समजून पंखे बदलून घेणारेही होते. जुन्या बाजारात हे २०१९ चं मॉडेल आता मोहात पाडणाऱ्या किमतीत मिळतं. घेऊ नका.

आता पडदा. अंकाची पानं जुळवणाऱ्यांना हे पटेल. सोळा इंची मॅकबुक प्रोचा पडदा साडेचौतीस सेंटिमीटर रुंद आणि बावीस सेंटिमीटरपेक्षा थोडा अधिक उंच आहे. ए-फोर आकाराची दोन पानं शेजारी शेजारी ठेवली तर ती खऱ्या आकाराच्या साधारण तीन-चतुर्थांश दिसतात; चौदा इंचीवर दोन-तृतीयांश. मेनूच्या पट्ट्या धरल्या तर दोन्हीकडे त्याहूनही कमी. इंग्रजी मजकुराला या फरकाने फारसं बिघडत नाही. देवनागरीत रेघेच्या वर मात्रा, रफार आणि अनुस्वार, रेघेखाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. दहा पॉइंटचा मजकूर दोन-तृतीयांशवर आला की ‘कर्म’ आणि ‘कमी’ वेगळे ओळखायला डोळे बारीक करावे लागतात, आणि अनुस्वार गळालेला कळत नाही. मुद्रितशोधन करणाऱ्या माणसाने मोठ्या पडद्यावर खर्च केला तर तो चैनीसाठी केला असं मी म्हणणार नाही.

पडद्याचा आकार तिरका मोजतात, त्यामुळे आणखी एक गोष्ट लपते. जुना १५.६ इंची पडदा आणि नवा सोळा-दहा प्रमाणातला सोळा इंची पडदा यांची रुंदी जवळजवळ सारखीच आहे. वाढ झाली ती उंचीत, सुमारे दोन सेंटिमीटर. एक्सेलच्या चार-पाच ओळी जास्त, वर्डमधला अर्धा परिच्छेद जास्त. मला विचाराल तर गेल्या दहा वर्षांत विंडोजच्या मोठ्या लॅपटॉपमध्ये झालेली ही सगळ्यात उपयोगी सुधारणा, आणि जाहिरातीत तिचा उल्लेखही नसतो. जाहिरात असते फोर-केची. सोळा इंचांत फोर-के हा बॅटरीचा अपव्यय आहे. एवढे बारीक ठिपके हातभर अंतरावरून वेगळे दिसत नाहीत. ओएलइडी पडद्यावरचे रंग सुंदर असतात, पण टॅली दिवसभर उघडं ठेवणाऱ्या कार्यालयात तेच ते पट्टे एकाच जागी वर्षानुवर्षं राहिले की त्यांचा पुसट डाग कायमचा बसू शकतो. कीबोर्डचं म्हणाल, तर टॅलीवाल्यांना उजवीकडचे आकडे हवेच असतात, ते घ्यावेत. बाकीच्यांनी आकड्यांचा तो वेगळा कप्पा नसलेला कीबोर्ड घ्यावा, म्हणजे बोटं आणि नजर पडद्याच्या मधोमध राहतात.

कमकुवतपणाचं पहिलं ठिकाण हा पडदाच. मोठं झाकण, पातळ काच, आणि बंद केल्यावर कीबोर्ड व काच यांच्यात जेमतेम फट. कॅमेऱ्यावर चिकटवलेली प्लॅस्टिकची सरकती पट्टीसुद्धा काच तडकायला पुरते. तशी सूचना अ‍ॅपलने २०२० मध्ये दिली होती. इअरफोनचा बोळा किंवा बारीक स्टेपलची पिन आत राहिली तरी तेच. त्यात हे यंत्र पाठीवरच्या पिशवीत घालून आपण दुचाकीवरून खड्ड्यांतून जातो, किंवा डोंबिवलीहून सकाळच्या लोकलमध्ये उभे राहतो. गर्दीचा दाब पिशवीच्या मधोमध येतो आणि झाकणाचा सगळ्यात नाजूक भागही मधोमधच असतो. महागड्या सोळा इंची लॅपटॉपचा अस्सल पडदा बदलायचा खर्च अर्ध्या लाखाच्या वर सहज जातो. पडदा, काच आणि झाकण एकसंध असल्याने नुसती काच बदलून भागत नाही. झाकण नेहमी मधोमध धरून उघडावं. एका कोपऱ्याने उचलायची सवय बिजागरीला मारते, आणि झाकण जितकं मोठं तितका पीळ जास्त.

दुसरं ठिकाण मदरबोर्ड, आणि हे कोकण-गोव्याच्या वाचकांनी नीट वाचावं. समुद्राची खारट दमट हवा पंख्यांतून आत जाते. पंखे मोठे, हवा जास्त, म्हणजे ओलावाही जास्त. बोर्डावरच्या मोहरीहून लहान कपॅसिटरच्या पायांशी हिरवट-पांढरी भुकटी जमते आणि एक दिवस यंत्र चालूच होत नाही. असे बोर्ड सूक्ष्मदर्शकाखाली धरून, अल्ट्रासॉनिक टाकीत धुऊन, मेलेला भाग बदलून पुष्कळदा जिवंत होतात. पण होतीलच असं नाही. आणि इथे प्रीमियमपणाची खरी किंमत कळते. २०१६-१७ च्या पंधरा इंची मॅकबुक प्रोमध्ये साठवणूक बोर्डावर झाळलेली असली तरी डेटा काढून घेण्यासाठी एक वेगळा जोड ठेवला होता. २०१८ पासून तो गेला. आता डेटा कूटबद्ध असतो आणि त्याची किल्ली त्याच बोर्डावरच्या चिपमध्ये. मेमरीच्या चिप उकरून दुसऱ्या बोर्डावर लावल्या तरी काही वाचता येत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हे उत्तमच. चोराला काही मिळत नाही. मालकालाही मिळत नाही. “लॅपटॉप गेला तरी चालेल, फोटो तेवढे काढून द्या” हे वाक्य ऐकलं की मी चहा मागवतो, कारण पुढचं बोलणं अवघड असतं.

एक किरकोळ वाटणारी तक्रार वारंवार येते : धातूच्या अंगावरून हात फिरवला की मुंग्या आल्यासारखं होतं. दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी क्षीण प्रवाह लॅपटॉपच्या अंगापर्यंत पोहोचतो. तीन पिनांची, अर्थिंग असलेली तार लावली की तो थांबतो. अट एवढीच की भिंतीतल्या तिसऱ्या भोकामागे खरोखर अर्थिंगची वायर असावी. जुन्या वाड्यांत आणि चाळींत ते भोक पुष्कळदा नुसतं शोभेला असतं. तेव्हा आधी वायरमनला बोलवा, लॅपटॉप नंतर दाखवा.

सगळीकडे अंधार आहे असं नाही. लेनोव्होच्या २०२४ च्या थिंकपॅड पी-वन लॅपटॉपमध्ये एलपीकॅम-टू नावाचा नवा रॅमचा तुकडा आला. झाळलेल्या रॅमइतका पातळ आणि जलद, पण स्क्रूने बसवलेला, म्हणजे बदलता येणारा. पातळपणासाठी झाळकाम अटळ आहे ही सबब त्याने निकालात काढली. दुसरीकडे त्याच वर्षी डेलने एक्सपीएसच्या नव्या सोळा इंचीत रॅम बोर्डावर झाळली. त्याआधीच्या पंधरा आणि सतरा इंचींत ती खाचेत बसवलेली होती. कोणती वाट जिंकेल हे गिऱ्हाईक काय विचारतं यावर बरंचसं ठरेल, आणि गिऱ्हाईक सध्या रंग विचारतं.

माझा कौल असा. दिवसातून तासन्‌तास सलग जड काम करणारे, पानं जुळवणारे, संगीत आणि चित्रफितींचं संकलन करणारे, आणि घर व कार्यालय सोडून यंत्र फारसं न हलवणारे यांनी मोठा लॅपटॉप जरूर घ्यावा, आणि तो दोन किलोंचा असू द्यावा. रोज लोकलने किंवा दुचाकीने फिरणाऱ्यांनी चौदा इंची घेऊन घरी सत्तावीस इंची मॉनिटर ठेवावा. एकूण खर्च बहुधा कमीच येईल आणि मानही दुखणार नाही. दिवाळीच्या सवलतीत दुकानात जाल तेव्हा विक्रेत्याला चार गोष्टी विचारा : ग्राफिक्स किती वॅटवर चालतं, रॅम आणि एसएसडी बदलता येते का, बॅटरी किती वॅट-अवरची आहे, आणि पडदा बदलायला किती लागतात. उत्तरं आली नाहीत तर कंपनीच्या संकेतस्थळावर तांत्रिक तपशिलाचं पान वाचून मगच पैसे भरा. आणि त्याच पावतीत एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. तिच्यावर पहिला बॅकअप भाऊबीजेच्या आत घेऊन टाका.